कंटाळवाण्या कामांची वाटणी

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने गिटार बनवणारी, वयाने म्हातारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या खिडकीपाशी बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे का हे पाहायला डॉक्टर आले आहेत. त्यांनी आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. शिवाय त्यांच्या चष्म्याची एक काडी सैल झाली आहे हेही सांगितले आणि बसल्या जागी स्क्रू पिळून दिला. तेव्हा कुठे त्यांनी दाखला लिहिला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे वरच्या खोल्या, खालचे वर्कशॉप आणि लाकूड वाळवण्याचा माळा, हे सर्व माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. वरची खिडकी दमट हवेत फुगते. तिला खांदा लावावा लागतो. शिव्या दिल्याने ती उघडत नाही, हा माझा अनुभव आहे.

कलम दुसरे. बँकेत जे असेल ते मुलीचेच. त्यातून तिने आधी स्वतःच्या मनगटांवर उपचार करून घ्यावेत. मनगटांचे काय झाले ते पुढे येईलच.

कलम तिसरे. मिस्त्रींनी केलेली यंत्रे.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे. लग्नाआधी सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची आणि लग्नानंतर मीही तेच म्हणत राहिले. गिटार बनवण्याचे काम मी माझ्या वडिलांकडून घेतले. त्यांच्या मागे हे वर्कशॉप माझ्या हाती आले, आणि त्याबरोबर ते काम पुरे होण्यासाठी करावी लागणारी सगळी हमालीही.

लोकांना वाटते, गिटार बनवणे म्हणजे लाकडाला कान लावून बसणे. तसे बसायला मिळते, नाही असे नाही. पण बाकी सारा वेळ घासण्यात जातो. गिटारच्या बरगडीला, म्हणजे बाजूच्या वाकवलेल्या फळीला, आतून एक लाकडी पट्टी चिकटवतात. ती वळावी म्हणून तिला कंगव्यासारखे दात पाडायचे असतात. करवतीने, एकेक. ते पाडता पाडता माणसाचे स्वतःचे दात पडायची वेळ येते. मग मानेवर, जिथे बोटे दाबतात तिथे, पडद्यांच्या आडव्या तारा बसवण्यासाठी खाचा कापायच्या. मग पॉलिश पेपर घेऊन घासायचे, हात फिरवून बघायचे आणि पुन्हा घासायचे.

आमचे लग्न नवे होते तेव्हाची गोष्ट. मी दारात बसून पट्टीला दात पाडत होते आणि वैतागून बोलले, "या कामाला देवाने एखादं माकड का नाही दिलं?"

मिस्त्री कोणाच्या तरी मशीनला तेल घालत होते. मान वर न करता म्हणाले, "माकड नाही मिळायचं. शिलाई मशीन चालेल का?"

मला वाटले थट्टा आहे. पण त्यांनी भंगारातले एक मशीन उचलून आणले आणि सुईच्या जागी करवतीचे पाते बसवले. कापड पुढे सरकवणारी जी दातेरी पट्टी खाली असते, ती माझी लाकडी पट्टी पुढे सरकवू लागली. शिवण पडावी तसे दात पडू लागले. मी नुसती बघत उभी राहिले. मला हसू येत होते आणि डोळेही भरून येत होते. मिस्त्री म्हणाले, "आता पुढचं सांग. कशाचा कंटाळा येतो?"

कोणत्याही बाईला नवऱ्याने विचारावा असा हा प्रश्न आहे. मला तो आयुष्यभर विचारला गेला.

खाचा कापायचे यंत्र झाले. घासायचा फिरता पिंप झाला, भुसा ओढणाऱ्या पंख्यासकट. दुपारी यंत्र आत लावून द्यायचे आणि आम्ही दोघांनी मागच्या पायरीवर बसायचे, असे सुरू झाले. आतून घुंऽऽ असा आवाज येत राही. उन्हात भुशाचे कण तरंगत बाहेर येत आणि मिस्त्रींच्या केसांवर बसत. ते काहीतरी सांगत असत. कोणत्या बाईच्या मशीनमध्ये बाळाचा मोजा अडकला होता, असले काहीतरी. मी अर्धे ऐकत असे, अर्धे डोळे मिटून पाहत असे. आपले काम आपल्याशिवाय चालले आहे आणि आपण कोणाचे काही देणे लागत नाही, असे काहीसे वाटे. पाण्यावर पाठ टेकून पडावे तसे. वाचलेल्या वेळेचे आम्ही काहीही केले नाही, हे मी पूर्ण शुद्धीवर नमूद करते. धंदा वाढवला नाही. पायरी मात्र बसून बसून गुळगुळीत झाली.

एकच काम मी त्यांना यंत्राकडे देऊ दिले नाही. ते लाखेच्या पॉलिशचे. कापडाचा बोळा लाखेत भिजवायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवायचा. दिवसचे दिवस. सगळ्या गिटारवाल्यांना याचाच सर्वात जास्त कंटाळा. मिस्त्री दर वर्षी विचारत, "बोळ्याचं यंत्र करू का?" मी म्हणे, "ते माझं राहू दे." हात फिरत राहिला की माझे मन सुटून जाई. मी आईच्या ओट्यापाशी जाई, शाळेच्या जिन्यात जाई, कधी न पाहिलेल्या गावांतून हिंडून येई. परत यावे तर लाकडात माझा चेहरा उमटू लागलेला असे, पाण्याच्या तळाशी असल्यासारखा.

मग मिस्त्रींना झटका आला. उजवे अंग गेले, बोलणेही गेले. वर एकटे ठेवायचे नाही म्हणून त्यांची खाट मी वर्कशॉपमध्येच आणली. व्यायाम शिकवायला एक तरुण बाई येत. त्यांनी सांगितले, "आजी, हा हात रोज गोल फिरवत राहायचा. तो फिरणार नाही, तुम्हीच फिरवायचा. खूप कंटाळा येईल, पण सोडू नका."

मी म्हटले, "बाई, कंटाळ्याचं तुम्ही मला सांगू नका."

एक बिनपॉलिशची गिटार आडवी ठेवली. मिस्त्रींच्या उजव्या मुठीत बोळा दिला, वरून माझा हात धरला आणि फिरवू लागले. सुरुवातीला तो हात ओल्या कणकेसारखा होता. लाख सांडे, डाग पडत. मी रोज डाग पुसून पुन्हा सुरू करी. आता मन कुठे जात नसे, तिथेच राही. ऋतू पालटला. मग एका सकाळी मला जाणवले की मी ओढत नाही. हात वळणावर आपणहून वळला होता. मी माझा हात हळूच उचलला. त्यांची बोटे बोळ्यावर मिटली आणि त्यांनी एक वेडावाकडा गोल पुरा केला. घामाने डवरले होते. तोंड उघडले, शब्द जुळवायला पुष्कळ वेळ लागला.

"याचं... यंत्र... नको," म्हणाले.

त्यानंतर ते काही वर्षे जगले. भाकरीचा तुकडा स्वतः मोडत, बटणे स्वतः लावत, आणि माझ्याशी भांडायला पुरतील इतके शब्द त्यांनी परत मिळवले.

कलम चौथे. ती गिटार व्यायामवाल्या बाईंना द्यावी. त्या "मला वाजवता येत नाही" म्हणतील. त्यांना सांगावे की वाजवायला नाही. उजेडात तिरपी धरून पाठ बघावी. जिथे पॉलिश एकसारखे नाही, तिथे त्यांचा पेशंट आहे.

कलम पाचवे. धाकटे दीर. यांचा दरवाजे बनवायचा मोठा कारखाना आहे. मिस्त्री खाटेवर असताना ते भेटायला आले आणि भावाच्या अंगावरून माझ्याशी बोलले, "वहिनी, आता ही खेळणी मला देऊन टाका. त्याला कुठे कळतंय काही?" मिस्त्रींनी डावा हात लांबवला आणि खाटेजवळचे बटण दाबले. घासायचा पिंप सुरू झाला. दीर पुढे बरेच काही बोलले, पण ऐकू आले नाही. ते गप्प झाले की मिस्त्री बटण बंद करत, ते बोलू लागले की पुन्हा चालू. माझ्या संसारातला हा फार सुखाचा दिवस होता.

दिरांना बरगड्या वाकवायचे यंत्र द्यावे. मिस्त्रींचे हे एकच फसलेले यंत्र. ते बरगडी वाकवते आणि मग छताकडे फेकते. चालू करताना दिरांनी समोर उभे राहावे.

साक्षीदाराला काही देता येत नाही, असे कळते. तेव्हा शेजारच्या शिंपीकाकांना या मृत्युपत्राने काही मिळणार नाही. माझी मोठी कात्री त्यांना हवी आहे हे मला ठाऊक आहे. त्यांनी ती आजच घेऊन जावी.

कलम सहावे. बाकी सर्व यंत्रे मुलीला, परंतु एका अटीवर.

मिस्त्री गेल्यावर तिने यंत्रांवर चादरी घातल्या. आता गिटार तीच बनवते. हात माझ्याहून चांगला आहे तिचा, पण तेव्हापासून दात ती करवतीने पाडते, खाचा हाताने कापते, दिवसभर घासते. मनगटे सुजली. रात्री कळ येते, पेला सुटून पडतो. मी म्हणायची, "अगं, बाबांनी यंत्रं कशाला केली मग?" ती घासत राही. मला वाटले, हातकामाचे खूळ असेल. गेल्या महिन्यात पेला पुन्हा फुटला, तेव्हा काचा गोळा करता करता ती बोलली.

"आई, चालवलं तर बिघडेल ना ते. मग दुरुस्त कोण करणार? बिघडलं की बाबांचं काहीच उरणार नाही."

म्हणून हे लिहावयास घेतले. अट अशी: यंत्रे चालवावीत. रोज चालवावीत, झिजवावीत. बिघडली तर दुरुस्त करावीत, दुरुस्त होत नसतील तर मोडीत काढून नवी घ्यावीत, बाजारची घेतली तरी चालतील. बोळ्याचा कंटाळा येत असेल तर त्याचेही यंत्र करावे. मला तो आला नाही, म्हणून तिलाही येऊ नये असा कायदा नाही. चादरीखाली ठेवायची असतील तर तिला एकही मिळू नये, सगळी दिरांना जावीत.

हे कलम मी आज सकाळी तिला वाचून दाखवले. ती भडकली. "मला अटी घालतेस? आणि काकांची धमकी?" म्हणाली आणि दार आपटून खाली गेली. साक्षीदारांना मी निरोप धाडला होता, त्यामुळे ते येऊन बसले होते. आम्ही तिघे उगाच हवापाण्याचे बोलत राहिलो.

मग खालून घुंऽऽ ऐकू आले. थोडा वेळ चालले आणि फटकन आवाज होऊन बंद पडले. पट्टा सुटला, हे मला माझ्या चांगल्या कानाने कळले. शिंपीकाका उठू लागले. मी त्यांना हाताने खाली बसवले. बराच वेळ काही नाही. नंतर हत्यार खाली ठेवल्याचा आवाज, आणि पुन्हा घुंऽऽ. या खेपेला ते थांबले नाही.

ती वर आली तेव्हा दोन्ही हात तेलाने काळे होते. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली, क्षणभर टेकते म्हणाली, आणि भर दिवसा झोपी गेली. मी तिला असे झोपलेले लहानपणानंतर पाहिले नाही. हात मांडीवर उताणे पडले आहेत. खाली काम चालू आहे.

सबब कलम सहा मधील अट आता लागू नाही. यंत्रे तिचीच. आणखी लिहायचे पुष्कळ होते, पण कागद उलटला की आवाज होतो. हे माझे शेवटचे मृत्युपत्र असून मी ते राजीखुशीने केले आहे. साक्षीदारांनी खुर्ची न सरकवता सह्या कराव्यात.

सही: गिटारवाली

आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. शेजारचे शिंपी (सही). कात्री नंतर नेईन, आत्ता ती मुलीच्या खुर्चीमागच्या खिळ्याला आहे.

ठिकाण: वरची खोली, खिडकीपाशी
दिनांक: आजचा, दुपार