आत्याच्या पाठीला पाय

६ जाने.
शाळेत शिकवून आले तर दारात आत्या. पालमहून एस.टी.नं झरीला आलेली, कमरेत पार वाकलेली. उसण भरलीय म्हणे. आईमागं मला वाढवलं ते हिनंच. "पाय लाव गं माय, तू पायाळू हायेस." मी पायांकडून जन्मले, म्हणून माझा पाय लागला की उसण जाते, असं सगळे मानतात. चहा दिला. पाय नाही लावला.

७ जाने.
परभणीला दाखवलं. पाठीचा फोटो काढला. डॉ. मला बाजूला घेऊन म्हणाले, मणके फार ठिसूळ झालेत, कुणाचा पायबिय लावू देऊ नका, कायमची लोळागोळा होईल. आत्याला सांगितलं नाही. बसू दे तळमळत.

९ जाने.
शेजारचा ट्रॅक्टरवाला उसण भरून आला. आत्यासमोरच त्याला पालथा निजवला, टाचेनं हलके टोले दिले. ताठ होऊन गेला. हे कशानं होतं, दाबानं की भरवशानं, मला अजून कळलेलं नाही. गुण येतो खरा. आत्या बघत राहिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१० जाने.
हे ट्रेनिंगला गेलेत. घरात आम्ही दोघीच. आत्या रडली. म्हटलं, लावते, पण आधी म्हण, माझ्या पायांनी आई मेली नाही. लहानपणी येताजाता ऐकवायची, "लाथ मारून आईला खाल्लीस." तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. ताट मुद्दाम लांब ठेवलं. सरपटत गेली.
पाय लावणार नव्हतेच. फक्त वदवून घ्यायचं होतं.

११ जाने.
सकाळी आपणहून बोलली.
"तुझ्या पायानं न्हाई मेली. सुईण म्हनली, पाय आधी यायलेत, दवाखान्यात न्या. तुझ्या बापानं जीप आनली व्हती. म्या माघारी लावली. पोट फाडून काढलेल्याच्या पायाला गुण नसतो. मला घरात पायाळू पायजे व्हतं."
आणि आई?
"तिचं काय. दारात मानसं यायली का न्हाई? लय नाव झालं आपलं."
इतका संताप मला कधी आला नव्हता. तिला काहीच नाही.
"म्हनले न्हवं? लाव आता."
सतरंजीवर पालथी पडून हाका मारतेय. मी इथं हे लिहीत बसलेय. कालपर्यंत पाय लावायचा नव्हता. आज लावावासा वाटतोय.