तैपेईतलं आपलं टेबल

पेंडल हिल, सिडनी

ती. दादास चित्राचा नमस्कार.

माझ्या शंतनूचं लग्न तैवानऐवजी इथेच करावं, हा तुझा सल्ला पोचला. चिनी युद्धनौकांच्या बातम्या मीही वाचते. तैपेईच्या विहीणबाईंना फोनवर तासभर आरमार, करार, अमेरिकेचं धोरण, सगळं ऐकवलं. होणारी सून भाषांतर करून दमली. शेवटी बाईंनी विचारलं, "तुमची माणसं किती? टेबलं सांगायची आहेत."

मी माणसं मोजायला घेतली. जी माणसं स्वतःचं सरकार स्वतः निवडतात, त्यांच्या मुलीचा मांडव दुसऱ्याच्या तोफांनी का हलवावा?

तिकिटं काढली, बदलता येतील अशी. वहिनीचा गुडघा कसा आहे?

तिथे एका टेबलाला दहा माणसं बसतात. वहिनीला धरून आपली नऊ झाली. दहाव्या खुर्चीसाठी तुझा पासपोर्ट शोधून ठेव.

तुझी वाट पाहणारी,
चित्रलेखा