तुटक रेघ

४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर विचारलं की तू 'छान आहे गं' म्हणून मोकळी होतेस, म्हणून मुद्दाम पत्र. काकांना हॉस्पिटलातून सोडताना हृदयाच्या गोळ्यांचं जे पत्रक दिलं, ते मी लिहिलंय आणि चित्रंही माझीच. तीन आठवड्यांत तुझं ते अख्ख्या गल्लीला दाखवून झालं असेल! आता त्याच्या दहा हजार प्रती छापायच्या आहेत. त्याआधी ते लोकांना कितपत समजतं, हे तपासायचं काम माझ्याकडे आलंय. आमच्या ऑफिसच्या तक्त्यात त्याला वीसपैकी एकोणीस गुण मिळाले. वाक्यं लहान, अक्षर मोठं, चित्रं ठळक. साहेबांनी पाठ थोपटली.

पण एक तपासणी राहिलीय. वाचणाऱ्याने पत्रक मिटून ठेवायचं आणि आपण नेमकं काय करतो ते आपल्या शब्दांत सांगायचं. तेवढं तू लिहून पाठव. कौतुक नको, भाचीची भीड तर मुळीच नको.

काकांना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस, ही विनंती.

तुझी,
टकळी

९ मार्च

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

एकोणीसच का गं? एक गुण कापणारा तो दीडशहाणा कोण? एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर बाजूला ठेवून लिहायला बसलेय, तेव्हा नीट वाच.

पत्रक झकास झालंय. चष्म्याशिवाय वाचता येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं अक्षर काही लागत नाही, म्हणून मी सगळं तुझ्या पत्रकावरूनच करते. तर ऐक. सकाळी नाश्ता झाला की गोळी घ्यायची. चित्रात मधोमध तुटक रेघ आहे, तिच्यावर नव्या ब्लेडने दोन सारखे तुकडे करायचे. अर्धी काकांना द्यायची, उरलेली अर्धी उद्यासाठी डबीत. माझा हात बसलाय आता, एक कणसुद्धा सांडत नाही.

काकांचं म्हणशील तर पाय जरा सुजलेत आणि दुसऱ्या जिन्यावर धाप लागते. विचारलं तर वय झालं म्हणतात आणि वर्तमानपत्रात तोंड खुपसतात.

जेवणाची आबाळ करू नकोस. आमच्या मनातली तुझी जागा आहे तिथेच आहे.

तुझी,
मावशी

१४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताच मी फोनवर किंचाळले, त्याबद्दल आधी माफ कर. काकांना लगेच डॉक्टरांकडे नेलंस म्हणून निभावलं. सूज उतरतेय हे ऐकून जिवात जीव आला. पण फोनवर मला धड बोलता येईना, म्हणून हे लिहिते.

गोळी अख्खी द्यायची होती. ती रेघ म्हणजे गोळीवरची नुसती खाच होती गं. नाहीतर चित्र बटणासारखं दिसत होतं, म्हणून मी काढली. तुझ्या शिवणाच्या कागदी कटिंगवर तुटक रेघ म्हणजे कात्री, हे लहानपणापासून बघत आलेय मी; तरी डोक्यात आलं नाही. वर वाक्य लहान करायच्या नादात 'एक अख्खी' हे दोन शब्द मीच उडवले. त्याचेही गुण मिळाले मला!

'साहेबांना सांग, मी चष्मा लावला नव्हता,' असं तू फोनवर म्हणालीस. नाही सांगितलं. तुझं पत्र जसंच्या तसं त्यांच्या टेबलावर ठेवलं. छपाई थांबली. माझ्या नोकरीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. दोन दिवस आम्ही पत्रक नेलेल्या साठ घरांना फोन केले. आणखी चार घरांत गोळ्या अर्ध्या होत होत्या, मावशी. त्यात एक गणिताच्या बाई आहेत. त्यांच्या नवऱ्याला परत भरती करावं लागलंय. धोका टळलाय, पण बाई सारख्या रडतात.

मला रागाव. पण अबोला धरू नकोस, तेवढं सोसणार नाही.

तुझी,
टकळी

१९ मार्च

चि. टकळीस अनेक आशीर्वाद.

अबोला कसला, वेडाबाई! काकांचे पाय आता चपलेत मावतात. मी अर्धांगिनी ना, म्हणून सगळं अर्धंच देते, असं दुकानात येईल त्याला सांगतात. इतकं चिडवतायत म्हणजे बरे आहेत.

मी मात्र चार दिवस मशीनवर बसले नाही. हातच धजेना. गोळी खरंच कापायची का, अशी मला एकदा शंका आली होती गं. पण डॉक्टरांच्या दाराशी ती गर्दी, आणि वाटलं, छापलेलं कुठे चुकतं, आपलंच डोकं चालत नसेल. विचारलं तर हसतील, या भीतीने गप्प बसले. रागावायचंच तर त्या गप्प बसण्यावर रागावते. तुझ्यावर नाही. माझं पत्र लपवलं नाहीस, याचा मला अभिमान वाटतो. नोकरीचं जे व्हायचं ते होवो, मी आहे.

एक काम कर. त्या गणिताच्या बाईंना माझा नंबर दे. त्यांची चूक नाही, असं डॉक्टर सांगतील, तूही सांगशील, पण पटायचं नाही त्यांना. माझ्यासारख्या रोज सकाळी मायेने गोळी कापत बसलेल्या बाईने सांगितलं, तर पटेल. दुकान मी सहाला बंद करते. त्यानंतर कधीही फोन करा म्हणावं, मी वाट बघतेय.

तुझी,
मावशी