फितीची लाल बाजू

न्यू ऑर्लिन्स,
२ मार्च १९९८

चि. युलाली हिस अ. उ. आ.

आई स्वयंपाकघरात भगिनी मंडळाच्या फिती इस्त्री करायची आणि आपण दोघी एकेक टोक ताणून धरायचो, आठवतं? तू हमखास शिंकायचीस आणि चटका आईला बसायचा. मिरवणुकीला त्या छातीवर लावताना लाल बाजू वर, कुणी गेलं की काळी.

काल त्या फिती वाचनालयातून परत आणल्या. दर वर्षी फेब्रुवारीत, आपल्या काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना म्हणून, त्या काचेच्या पेटीत मांडतात. मार्च लागला की खोक्यात. यंदा तिथल्या नव्या मुलीने, डनीसने, सगळ्या काळी बाजू वर करून लावल्या होत्या. विचारलं तर म्हणाली, काळी जास्त भारदस्त दिसते, मावशी. महिनाभर आम्ही सगळ्याच मेलेल्या होतो, माझ्यासकट.

आता वाचनालयाला त्या कायमच्या हव्या आहेत. आई आणि तिच्या मैत्रिणी लोकांची धुणी धुऊन त्या पैशांतून गल्लीसाठी डॉक्टर आणायच्या, आजाऱ्याजवळ पाळीपाळीने बसायच्या. माणसं काही फक्त फेब्रुवारीत आजारी पडत नव्हती. पण मंडळात आता इथे मी एकटी. माझ्यासोबत राहणारी ऑगस्टीनही गेली, तरी सोमवारचा राजमा-भात माझ्या हातून दोघींचाच शिजतो. माझ्यासाठी फीत उलटायला कोण उरलंय? डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, तेवढंच.

तुझी,
ओडीलताई


ओकलंड,
११ मार्च

ती. ओडीलताईस सा. न. वि. वि.

तेवढंच म्हणे! माझे गुडघे मला जिना उतरू देत नाहीत, नाहीतर तुझ्या दारात येऊन भांडले असते.

फिती काचेत देऊ नकोस. तू पडलीस तेव्हा रोज सूप कोण आणत होतं, ते तूच लिहिलं होतंस. मंडळ संपलं हे तू एकटीने ठरवलंस. शेवटच्या बाईलाही नवी सभासद करून घेता येते. लहानपणी खडीसाखरसुद्धा अशीच मुठीत दाबून ठेवायचीस. शेवटी विरघळायची, ना तुला ना मला.

तुझी,
युला


न्यू ऑर्लिन्स,
२४ मार्च

चि. युलाली हिस अ. उ. आ.

खडीसाखरेचं अजून विसरली नाहीस. बरं, ऐकलं तुझं.

आईची फीत शेजारच्या चार्मेनला, सूपवालीला. ऑगस्टीनची टेरेल न्हाव्याला. तो म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन दाढ्या करतो आणि पैसे घेत नाही. भगिनी मंडळात पुरुष म्हणून आई वर कपाळाला हात लावेल, लावू दे. तिसरी डनीसला. तिला आधी आजारी मिसेस बातीस्तजवळ दुपारभर बसवलं. दुसऱ्या दिवशी मी न सांगताच पुन्हा त्यांच्याकडे गेली, तेव्हा दिली. अट सगळ्यांना एकच: बाराही महिने वापरायची, लाल बाजू वर. वाचनालयाला आईचा फोटो द्यावा, भिंतीवर कायम राहणार असेल तर.

घर अजून रिकामंच वाटतं. राजमा मात्र काल उरला नाही.

माझी फीत तुला. पाकिटात लाल बाजू वर ठेवली आहे, तशीच राहू दे. उलटायची वेळ आली की चार्मेन कळवेल.

माया होती तशीच असू दे.

तुझी,
ओडीलताई