काका म्हणायला लावलंत

डॉक्टर, काका म्हणणार नाही. सगळा घोळ त्या एका शब्दानं केला. तुम्ही गेल्याचं माझ्या धाकट्या भावानं फोनवर सांगितलं तेव्हा मी चहा पीत होते. "बरं," म्हणाले आणि चहा संपवला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणे. ते काम शोकसभेत लोकांनी केलं, तुम्हाला पार देवमाणूस करून टाकलं. मला कुणी बोलावलं नाही, नाहीतर सभेचा विचकाच झाला असता. इतकी वर्षं गेली, बाबाही गेले, तरी हा राग काही शिळा होत नाही. आज बसलेच आहे तर लिहून काढते.

आई वर्षानुवर्षं अंथरुणावर होती. कॉलेजातून आलं की तिची पाठ धुवायची, जखमांवर पावडर टाकायची, चादर बदलायची, आणि तिच्या शिव्या खायच्या. ती गेली आणि माझं बोलणं बंद झालं. अंगारा झाला, ताईत झाला, शेवटी बाबांनी सायकलच्या कॅरियरवर बसवून मला धंतोलीत तुमच्याकडे आणलं. बाबा बाहेर बाकावर, मी आत. खिडकीला गारव्यासाठी लावलेले वाळ्याचे ओले ताटे, आणि तुम्ही हनुवटीखाली हात घेऊन बसलेले. आजाराचं एक अक्षर विचारलं नाहीत. म्हणालात, "मले डॉक्टर नको म्हणू. डॉक्टरसमोर माणूस खोटं बोलते. काका म्हण." एवढा शिकलेला माणूस आमच्या घरची बोली बोलतो! कॉलेजात त्याच बोलीला पोरी फिदीफिदी हसायच्या. एका गुरुवारी म्हणालात, "काहून वं, आज कंगवा नाही भेटला का?" आणि मी हसले. कित्येक महिन्यांनी हसले. तुमच्या गोळ्या मी मोरीत टाकत होते, हे तुम्हाला कधी कळलंच नाही. मला बोलतं केलं ते तुमच्या बसण्यानं. समोरच्या माणसाला कुठंही जायची घाई नाही, एवढंच मला पुरेसं होतं. पुढच्या गुरुवारपासून मी वेणी घालून येऊ लागले.

मग तुम्ही म्हणालात, "इथलं इथंच राहते." मी विश्वास ठेवला, मूर्खासारखा. जे स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते तुम्हाला सांगितलं. "आई गेली तेव्हा मले रडू आलं नाही, काका. मले बरं वाटलं. त्या रात्री मी पोटभर झोपली." तुम्ही नुसती मान हलवलीत, आणि मग बाबांना बाहेरच्या टपरीवर चहाला घेऊन गेलात. त्या दिवशी सायकलवर मागं बसून मी गाणं गुणगुणत होते, आणि पॅडल मारणारे बाबा एक शब्द बोलत नव्हते. मला वाटलं, उन्हानं दमले असतील.

आठवड्याभरात आईचं वर्षश्राद्ध होतं. मी पहाटेच न्हाऊन वड्यांची डाळ वाटायला बसले आहे, केस ओले आहेत, आत्या खीर ढवळते आहे. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात. "ऊठ तिथून. तुह्या हातचं तिले चालणार नाही." मी वर बघते. "ते मेली तं तुले बरं वाटलं ना? झोप लागली ना पोटभर? ऊठ." वाटलेली डाळ त्यांनी नेऊन गाईपुढं ओतली. हे शब्द मी जगात एकाच खोलीत उच्चारले होते. त्यानंतर मरेपर्यंत बाबांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. तहान लागली तर स्वतः उठून माठातून पाणी घ्यायचे, मी शेजारी उभी असले तरी.

पुढच्या गुरुवारी तुम्हाला जाब विचारला तर तुम्ही हसलात! "बाप हाय तो तुहा. पोरीच्या मनात का हाय ते त्याले समजाले नको का? अन् काका हाय ना मी तुहा? घरच्या माणसानं घरच्या माणसाले सांगितलं." तुमच्या चेहऱ्यावर लाज शोधत होते मी, पण तिथं मायाच होती. तीच तर अडचण. नुसते डॉक्टर राहिला असतात तर तोंड मिटून बसणं तुम्हाला भाग होतं. काका झालात, आणि काका म्हणजे शेवटी बापाचा भाऊ. ज्या नात्यानं माझं तोंड उघडलं, त्याच नात्यानं तुम्ही मला विकलंत, तेही बाहेरच्या टपरीवरच्या कटिंगसोबत.

मग मी बरी झाले. म्हणजे तुमच्यापुरती. खाऊ लागले, हसू लागले, बडबडू लागले, तुमची कटकट संपावी म्हणून. तुम्ही मला विद्यार्थ्यांपुढं उभं केलंत, "ही बघा," म्हणालात, आणि मी गोड हसले. किती फुगला होतात तुम्ही! तुमच्या हुशारीची कीव आली मला. खरं बोलणं मात्र मी तिथंच, त्या गुरुवारी बंद केलं. नवऱ्याशीही पुढं कधी केलं नाही.

आता मनातलं सांगायला लोक माझ्यासमोर येऊन बसतात. शिकायला येणाऱ्या पोरींना मी सांगते, पुस्तकं वाचा, पण माणूस बरा होतो तो तुमच्या-त्याच्यातल्या नात्यात, आणि मोडतोही तिथंच. कुणाची ताई, मावशी व्हायचं नाही. बाप दारात हात जोडून उभा राहिला, "सांगा नं मॅडम, घरचा माणूस हाय मी," म्हणाला, तरी दार लावून घ्यायचं. हे कुठं शिकलात, असं त्या विचारतात. तुमचं नाव मी घेत नाही. तेवढाही मान तुम्हाला मिळू देणार नाही.

हे पत्र कुठं टाकणार? चुलीत जाईल. पण फोनच्या दिवसाचं अर्धंच सांगितलं वर. चहा संपवला, कप विसळला, न्हाणीत जाऊन कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला, घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आईसाठी आलं नव्हतं ते रडू तुमच्यासाठी आलं, काका. बादली भरून वाहत होती तरी थांबेना. बाबाही तिकडंच आहेत आता. जा, सांगा त्यांना. तुम्हाला सवयच आहे.