कुंकू लागलेली वीतभर नळी

मी, गुंडूराव मानोजीराव मोहिते, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मोटारदुरुस्ती, राहणार शिवाजीनगर, बेंगळूर, हा कागद माझ्या हाताने लिहीत आहे. छातीचा डॉक्टर म्हणतो हृदयाचा भरवसा नाही. डोक्याबद्दल त्याची तक्रार नाही, म्हणून आताच लिहून ठेवतो. मला कोणी भरीस घातलेलं नाही. घातलं असतं तर मी मुद्दाम लिहिलं नसतं, हे घरचे जाणतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या पश्चात माझ्या स्थावर-जंगम मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी.

कलम १. राहतं घर, भांडीकुंडी आणि देवघरासकट, माझी पत्नी सौ. तुंगाबाई हिला. ती हयात आहे तोवर ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये, वर मजला चढवू नये. गेली दोन वर्षं ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. त्यात तिची चूक नाही. कारण कलम ५ मध्ये येईल.

कलम २. बँकेतली शिल्लक आणि स्कूटर चिरंजीव प्रदीपकुमार याला. स्कूटरचा क्लच हलक्या हाताने सोडावा, हे त्याला तीस वेळा सांगून झालं आहे; ही एकतिसावी. गॅरेज मोडून तिथे कॉम्प्युटर क्लास काढू, असं तो वर्षभर म्हणतो आहे. बाळा, ते होणार नाही. गॅरेज तुला देत नाही, आणि रागाने देत नाही असंही नाही. पुढचं शांतपणे वाच.

कलम ३. माझे मेव्हणे श्री. कृष्णाजी साळुंके यांनी १९८६ साली दोन दिवसांसाठी म्हणून नेलेला हायड्रॉलिक जॅक त्यांनी गॅरेजमध्ये परत आणून ठेवावा. तेरा वर्षं झाली. दोन दिवसांचा पाहुणा म्हणून गेलेला जॅक तेरा वर्षं राहतो, असं कुठे असतं का?

कलम ४. शिवाजीनगरची गॅरेजची शेड, जागेसकट, आतील सगळे पाने, व्हाइस, वेल्डिंगचा संच, इंजिन उचलायची साखळी आणि भिंतीवरचं घड्याळ हे सर्व श्री. देवाप्पा, सध्या राहणार हेब्बाळ, यांना मिळावं. त्यांच्या नावाची पाटी दर्शनी लावावी. माझ्या नावाची उतरवावी.

देवाप्पा माझ्याकडे बावीस वर्षं होता. मला अण्णा म्हणायचा. नोकर म्हणून आला, पण पाच-सात वर्षांत अशी स्थिती झाली की गिऱ्हाईक मला नमस्कार करायचं आणि गाडी त्याच्याकडे न्यायचं. मला राग यायचा. इथे खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो, फार राग यायचा. आता तो तिथल्या तळ्याजवळ पंक्चरचं दुकान चालवतो. उजव्या हाताची मूठ वळत नाही.

कलम ५. हे कलम वाटणीचं नाही. तरी ते मृत्युपत्राचा भाग समजावं.

१९९७ साली विश्वासराव लाड यांनी वडिलांची एकोणसत्तर सालची फियाट आणली. तिच्यात अपघातात ठोकलेल्या एका परदेशी बनावटीच्या गाडीचं नव्या पद्धतीचं इंजिन बसवायचं होतं. मी नको म्हणायला हवं होतं, पण असलं काम शिवाजीनगरात कोणी केलं नव्हतं आणि मला मिरवायचं होतं. जुनं इंजिन स्वतः हळूहळू पेट्रोल ओढून घेई. त्याला बारीक पाइप आणि साधी रबरी नळी पुरत होती. नव्याला टाकीतला पंप जोराने पेट्रोल ढकलतो आणि उरलेलं टाकीत परत येतं. म्हणजे टाकीपासून पुढपर्यंत दोन नवे पोलादी पाइप पाहिजेत, आणि शेवटी दाब सोसणारी जाड नळी. देवाप्पाने पाइपात वाळू भरून, जरा जरा तापवून, गाडीच्या पोटाखालून एकेक वळण काढलं. आठ दिवस लागले. एक सांधा पाझरला नाही. राहिली फक्त इंजिनाजवळची वीतभर नळी. ती बाहेरून यायची होती.

ती आली आयुधपूजेच्या आदल्या संध्याकाळी. मी ती पाटावर पान्यांच्या रांगेत ठेवली. नवी वस्तू, आधी पूजा होऊ दे. सकाळी तुंगाबाईने सगळ्या हत्यारांना आणि त्या नळीलाही हळदकुंकू लावलं, वर झेंडू ठेवला. आमच्यात एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत पाटावरचं काही हलवत नाहीत. आणि विश्वासराव दारात उभे: "मोहिते, मुहूर्तावर गाडी लिंबांवरून गेलीच पाहिजे. सगळ्यांना बोलावलंय मी."

देवाप्पा आंघोळीला घरी गेला होता. मी जुन्या रबरी नळीचा तुकडा कापला आणि जोडला. स्क्रूड्रायव्हर पाटावर होता, म्हणून आठ आण्याच्या नाण्याने क्लिपा आवळल्या. हत्याराला हात लावला नाही, सोवळं पाळलं! पूजा मोडू नये म्हणून जपलं आणि माणूस जाळला.

देवाप्पा आला तसं त्याने विचारलं, "अण्णा, नळी घातली?"

"घातली रे. नवीच आहे."

त्याने वाकून पाहिलं असतं तर कळलं असतं. त्याने पाहिलं नाही, कारण मी सांगितलं होतं.

लिंबं चिरडून विश्वासराव गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आले आणि स्टिअरिंगवरच बसून होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाप्पा बॉनेट उघडून आवाज ऐकत होता, तेवढ्यात नळी फुटली. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडालं. त्याचा हात कोपरापर्यंत पेटला. आणि त्याच हाताने त्याने अडकलेलं दार ओढून विश्वासरावांना बाहेर काढलं.

गाडी विझली तेव्हा विश्वासराव ओरडले, "नळी कोणी घातली?" सगळी गल्ली ऐकत होती. मी म्हणालो, "मी नवी आणून ठेवली होती. देवाप्पाने घाईत जुनीच घातली."

देवाप्पाला रिक्षात बसवत होते. हातावर ओलं फडकं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सरी, अण्णा." कानडीत, ठीक आहे. बस्स, एवढंच. त्यानंतर तो गॅरेजवर आला नाही, आणि शिवाजीनगरात त्याला कोणी काम दिलं नाही.

घरी तुंगाबाईने विचारलं, "नळीला कुंकू मी लावलं. ती पाटावरून उठलीच नाही. मग त्याचं नाव का घेतलंत?" मी म्हणालो, गॅरेजचं नाव गेलं असतं. ती स्वयंपाकघरात गेली. पुढच्या दोन्ही आयुधपूजांना ती गॅरेजवर आली नाही. पूजा मीच केली. देवासमोर उभं राहायची लाज वाटली, तरी केली.

नळी देवाप्पाने घातली नव्हती. मी घातली होती. हे मी कोणाला सांगितलं नाही.

कलम ६. ती नवी नळी गॅरेजच्या लोखंडी पेटीत तळाशी, जुन्या पंच्यात गुंडाळून ठेवली आहे. कुंकू अजून तिच्यावर आहे. मी मेल्यावर ती देवाप्पाला द्यावी, आणि कलम ५ त्यानंतरच्या पहिल्या आयुधपूजेला सगळ्या गल्लीसमोर, पूजेच्या आधी, मोठ्याने वाचावं. वाचणारा प्रदीपकुमार. बाळा, आवाज खाली आणू नकोस.

जोडकलम. वरचा मजकूर पुरा झाल्यावर साक्षीसाठी कृष्णाजी आणि विश्वासराव यांना बोलावलं. विश्वासरावांना मुद्दाम. न वाचता सही करू नका, असं मी दोघांना बजावलं. कृष्णाजी कलम ३ वर अडले आणि असा जॅक आपल्याला आठवत नाही म्हणाले. विश्वासराव कलम ५ पर्यंत गेले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "मोहिते, ज्या हाताने मला ओढलं त्याला मी भर रस्त्यात नावं ठेवली. आणि तुम्ही हे मेल्यावर वाचायला ठेवताय? हेब्बाळची बस इथूनच सुटते की."

 दोन वर्षं मी त्या स्टँडवरून रोज जातो. हेब्बाळची पाटी वाचतो आणि पुढे जातो.

तरी कलम ६ मध्ये पुढीलप्रमाणे दुरुस्ती करतो. वाचनाची अट कायम. नळी मात्र या मृत्युपत्रातून वगळत आहे. ती मी आज स्वतः घेऊन जातो. विश्वासराव सोबत येतो म्हणाले, मी नको म्हणालो. देवाप्पाने दार लावून घेतलं तर दुकानापुढे बसेन. हे ऐकल्यावर तुंगाबाईने स्वतः गॅरेजवर जाऊन पेटीतून नळी काढून आणली आणि म्हणाली, "स्वल्प थांबा. जेवून जा."

दोन वर्षांत कामाशिवाय बोललेलं हे पहिलं वाक्य. म्हणून इथे नोंदवून ठेवलं.

लिहून देणार: गुंडूराव मानोजीराव मोहिते (सही)

साक्षीदार:
१. विश्वासराव लाड (सही). वाचून सही केली.
२. कृष्णाजी साळुंके (सही). कलम ३ मान्य नाही, बाकीच्याला साक्ष.

ठिकाण: शिवाजीनगर, बेंगळूर
दिनांक: २ डिसेंबर १९९९, जेवणाआधी