प्रलय आणि थरार परिवार

४ जून
अम्युझमेंट पार्कच्या मागच्या भिंतीवर नवा बोर्ड. पूर्ण काळा. त्यावर दोनच शब्द: ‘तयार राहा.’ तारीख नाही, चित्र नाही. सामान्य माणूस पुढे निघून गेला असता. मी रस्त्यातच थांबलो. मागचा बाइकवाला माझ्या घराण्याबद्दल बरंच बोलला. बोलू दे. नवी राइड येतेय आणि ती पहिल्यांदा मला कळली!
राइडवेड्यांच्या ‘थरार परिवार’ ग्रुपचा अ‍ॅडमिन मी आहे. मेंबर लोक माझ्या शब्दावर रजा टाकतात, गाड्या बुक करतात. दुकानात, घरात माझं कोण ऐकतं? इथे ऐकतात. निश्चय: रोज निरीक्षण, रोज अपडेट.

७ जून
फरशांच्या दुकानात नोकरी धरली तेव्हा सगळे म्हणाले, काय ठेवलंय तिथे? गच्ची ठेवलीय! तिथून पार्कचा मागचा भाग लख्ख दिसतो. सासऱ्यांची पक्षी बघायची दुर्बीण नेली. सासरे आमच्याकडेच असतात. त्यांनाही मी ग्रुपमध्ये घेतलंय. प्रत्येक मेसेजला गुलाबाचं फूल पाठवतात. चालायचंच.
दुर्बिणीतून दिसलं ते असं: निळा लोखंडी मनोरा. वर लांबलचक आडवा हात. माणसं त्या हाताला लोंबकळणार आणि खाली सुटणार. अंगावर काटा आला. खाली एक गिऱ्हाईक बाथरूमच्या फरशीसाठी ताटकळत होतं, ते निघून गेलं. मालक चिडले. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

८ जून, सकाळी
ग्रुपवर फोटो टाकला. हाहाकार! दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दवाखाना बंद ठेवून येते. ड्रायव्हरकाका सहकुटुंब येणार, रात्रभर गाडी चालवून. मी लिहिलं, ‘पोट खाली, जीव वर!’ स्वतःलाच सुचलं.
फक्त बुलेट नावाचा मेंबर म्हणाला, ती क्रेन आहे. हा कायम असाच. मी कळवलं की क्रेन पिवळी असते, शेंबडं पोरही सांगेल. त्यावर त्याने निळ्या क्रेनचा फोटो टाकला. मी डिलीट केला. ग्रुपचं वातावरण गढूळ नको.

१५ जून
मनोरा आणखी वाढलाय. हीसुद्धा आज गच्चीवर येऊन बघून गेली. म्हणाली, अहो, त्याच्या टोकाला हुक आहे आणि हुकाला पत्रे लटकतायत. मी समजावलं की ते टेस्टिंग. आधी पत्रे, मग माणसं. ती म्हणाली, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही म्हण माझ्यावरच.

२६ जून
विजय! भिंतीवर नवा बोर्ड: ‘प्रलय येतोय. पोट खाली, जीव वर.’ माझे शब्द! जसेच्या तसे! म्हणजे पार्कवाले आमचा ग्रुप वाचतात. म्हणजे मी म्हणतो ते खरं आहे. ही म्हणाली, म्हणजे त्यांनी फुकटात लिहून घेतलं. हिला मार्केटिंगमधलं काही कळत नाही.
ग्रुपवर जाहीर केलं: देशातली सगळ्यात उंच राइड. नसली तर मला अ‍ॅडमिन म्हणू नका. सासऱ्यांचं गुलाबाचं फूल आलं.

३ जुलै
टी-शर्ट ठरले. काळे, पाठीवर ‘मी प्रलय पचवला’. बुलेट म्हणाला, आधी बसू तर दे, मग पचव. त्याला XXL लिहिला. त्याला M लागतो.

९ जुलै
शरीर तयार करणं आवश्यक. दुकानातल्या फिरत्या खुर्चीवर सराव सुरू केला. डोळे मिटून, दोन्ही बाजूंनी. तिसऱ्या फेरीला नव्या मार्बल सॅम्पलच्या स्टँडवर जाऊन आदळलो. मालकांनी गच्चीची किल्ली काढून घेतली. काही हरकत नाही. मला जे बघायचं होतं ते बघून झालंय.

२२ जुलै
बुलेट पार्कच्या गेटवर जाऊन चौकशी करून आला म्हणे. लहान मुलांची राइड आहे असं तिथली तिकीटवाली म्हणाली. वा! तिकीटवाली सांगणार आणि आम्ही ऐकणार! गुपित फुटू नये म्हणून पार्कवाले स्वतःच्या माणसांनाही खोटं सांगतात, हे ग्रुपला समजावून सांगितलं. डॉक्टरीणबाईंना पटलं. हत्ती चालला की कुत्री भुंकायचीच.

२९ जुलै
मनोरा दिसत नाही.
मालकांच्या हातापाया पडून गच्चीवर गेलो, दुर्बीण पुसली, पुन्हा बघितलं. एक बसकं शेड आहे. बाकी आभाळ.

२९ जुलै, दुपारी
अर्थ लागला. मनोरा जमिनीत जातो! बसायचं खाली आणि सुटायचं वर! ‘पोट खाली, जीव वर’ याचा खरा अर्थ मलाच आज कळला. ताबडतोब ग्रुपवर टाकलं. बुलेटने विचारलं, मग काल हायवेवर ट्रकवर आडवं काय चाललं होतं? त्याला एका दिवसासाठी म्यूट केलं. जळतात लेकाचे.

१ ऑगस्ट
उद्घाटन. सगळे आले. ड्रायव्हरकाका बायको, दोन मुली, म्हातारी आई घेऊन. डोळे लाल, पण टी-शर्ट घातलेला. सगळ्यांनी माझ्या नावाने घोषणा दिल्या. मी हात वर केला.
दारावर पाटी: तीन वर्षांखालील मुलांना मांडीवर घ्यावे.
मी म्हटलं, मुद्दाम लावलीय. आत गेलो. गोल होडी. आठ जण. होडी निघाली. अंधार. प्लास्टरचा मासा. आणखी एक मासा. मी सगळ्यांना सांगत होतो, आता धरा, आता! दांडा इतका घट्ट धरला की बोटं दुखली. मग वरून पाणी आलं, कपड्यांना इस्त्री करताना शिंपडतात तेवढं. मग उजेड. मग एक मुलगी म्हणाली, उतरा.
 बुलेट म्हणाला, डोंगर पोखरून उंदीर. सासरे मात्र पुन्हा रांगेत उभे राहिले. त्यांना मासे आवडले.
पार्कची मार्केटिंगवाली बाई शोधत आली. हात जोडून म्हणाली, आमच्याकडे जाहिरातीला काहीच नव्हतं हो, सगळं तुम्हीच केलंत. उंचीचं तर आम्ही कुठे काही म्हटलंच नव्हतं. हे सगळ्यांसमोर.
ड्रायव्हरकाकांनी आडोशाला जाऊन टी-शर्ट काढला. घडी घातली. माझ्या हातात दिला. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, आईला बसवता आलं, तेवढं झालं. मग परत निघाले, रात्रभराच्या रस्त्याला. मला फार वाईट वाटलं. वाटलं म्हणजे वाटलं.

२ ऑगस्ट
काल झोप कमी झाली म्हणून तसं वाटलं. प्रलय हा मानसिक थरार आहे. जे वाट बघायला लावतं तेच खरं भीतिदायक. मोठा मेसेज लिहिला. माफी मागितलेली नाही. मागणार नाही.
डॉक्टरीणबाई ग्रुपमधून बाहेर पडल्या.

३ ऑगस्ट
बुलेटने नवा ग्रुप काढला. जाऊ दे ज्यांना जायचंय. दर्दी थोडेच असतात. ड्रायव्हरकाकाही गेले. ही म्हणाली, जेवून घ्या. भूक नाही म्हटलं. मग जेवलो.

५ ऑगस्ट
पार्कच्या पार्किंगमध्ये खड्डा खणतायत. गोल. खोल. उगाच कोणी खड्डा खणत नाही! ग्रुपवर सविस्तर टाकलं, फोटोसकट. लगेच गुलाबाचं फूल आलं.
ग्रुपमध्ये आता आम्ही दोघंच, मी आणि सासरे. ते हॉलमध्ये, मी आत. मी परिवाराच्या पुढच्या वाटचालीबद्दल लिहायला घेतलं.

५ ऑगस्ट, संध्याकाळी
सासरे फोन घेऊन खोलीत आले. जरा संकोचले. म्हणाले, जावईबापू, राग मानू नका, पण यातून बाहेर कसं पडायचं? बाकीचे सगळे कसे पडले, मला जमतच नाहीये.
मी चष्मा लावला. कुठे दाबायचं ते दाखवलं.